शेवंतीची सुट्टीची गोळी

आमच्या गल्लीत शेवंतीला सगळे मानी बाई म्हणायचे. कारण काय, तर ती कामाच्या ठिकाणी कुणाच्या घरचा चहा घ्यायची नाही. हायवेपलीकडच्या उंच बिल्डिंगांत ती पाच घरच्या पोळ्या करायची आणि पाचही घरांत तिचं एकच, "नको बेन, मी नाही पीत." दिवाळीची मिठाई घरी आणायची, दिलेली साडी नेसायची, पण चहाचा घोट म्हणाल तर नाही. लोकांना वाटायचं, केवढा स्वाभिमान बाईला! मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. खरी गोष्ट एवढीच होती की चहा प्यायला की लघवीला लागते, आणि त्या पाचही घरांत पोळ्या करणाऱ्या बाईने बाथरूमला जायचं नाही असा रिवाज होता.

रिवाज म्हणजे कुणी तोंडाने सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. नव्या बाईला जुनी बाई पहिल्या दिवशी जिन्यातच सांगून मोकळी होते. बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या पंपाशेजारी वॉचमन लोकांसाठी एक संडास होता, त्याला आतून कडी नव्हती. बायका दोघी-दोघी जायच्या, एक आत आणि एक दाराला पाठ लावून बाहेर. आणि दरवेळी जोडीदारीण कुठून मिळणार? म्हणून आमच्या काशीगावातून पोळ्यांना, भांड्यांना, पोरं सांभाळायला जाणाऱ्या बायकांची एक शिस्तच पडून गेलेली. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं नाही. दुपारी घरी आलं की तांब्या तोंडाला लावायचा.

शेवंती मंडणगडकडची. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण शेजार असा की तिची चूल पेटली नाही तर मला आधी कळायचं. तिचा नवरा बाबाजी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश करायचा. सगळ्या जगाची ताटं चमकवली त्याने, पण ती धूळ छातीत बसली ती बसलीच. आता तो दारात खुर्ची टाकून बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याची मस्करी करतो आणि मध्येच खोकतो. मुलगी एकच, मिनल. ती नाक्यावरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, सासरही जवळच. म्हणजे घर चालायचं ते शेवंतीच्या उजव्या हातावर.

तो हात बघण्यासारखा होता. लाटणं ती दाबायची नाही, नुसतं फिरवायची, आणि पोळी आपली आपण पोळपाटावर फिरत मोठी व्हायची. पन्नास पोळ्यांची चवड केली तरी कड कडेला लागलेली. एकदा मी बोलले, "शेवंते, तू काय वाटीने कापतेस की काय?" तर बोलली, "काकी, कापायला वेळ कुणाला आहे?"

बुद्धपौर्णिमेला विहारात तपासणीचं शिबिर होतं. वंदना झाली, खीर वाटली, आणि एका टेबलावर एक पोरगी प्रेशर मोजायला बसली. आम्ही दोघी रांगेत. माझं मोजून झालं, मला गोळी चालू आहे, आकडा ठीक निघाला. शेवंतीच्या दंडाला पट्टा बांधला आणि पोरीने एकदा मोजलं, परत मोजलं, मग पट्टा सोडून दुसऱ्या हाताला बांधला.

"मावशी, तुमचं खूपच जास्त आहे. चक्कर येते का?"

"नाही गं."

"डोकं दुखतं?"

"नवरा बोलायला लागला की दुखतं."

रांगेतल्या बायका खिदळल्या. पोरगी हसली नाही. तिने चिठ्ठीवर आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि बोलली, "आजच्या आज डॉक्टरला दाखवा."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नीलेश डॉक्टरांचा दवाखाना आहे. पोरगाच आहे तसा, मिनलच्या वयाचा. नम्र. बाहेर बाकावर माणसं, आत एक पडदा आणि पडद्याआड डॉक्टर. आतलं बोलणं बाहेर सगळं ऐकू येतं, त्यामुळे गल्लीत कुणाला काय झालंय ते विचारायला कुणाच्या घरी जावं लागत नाही. डॉक्टरांनी शेवंतीला तपासलं, रक्त-लघवी बघितली, आणि एक गोळी सुरू केली. एकाच गोळीत दोन औषधं आहेत, बोलले. एक नसा सैल करणारं आणि एक अंगातलं जादा पाणी आणि मीठ लघवीवाटे काढून टाकणारं. सकाळी नाश्त्यानंतर एक, रोज. आणि मीठ कमी, लोणचं, पापड, सुकी मासळी बंद.

सुकट बंद म्हटल्यावर शेवंतीचा चेहरा पडला तो आठवडाभर पडलेलाच होता. पण केली बंद. डबा धुऊन उन्हात उलटा घातला. बाबाजी बोलला, "माझी पण बंद का? मला कुठे प्रेशर आहे?"

"तुमच्यामुळे मला आहे. गप खा भाजी."

म्हणजे जे अवघड होतं ते तिने केलं. गोळी गिळायची तर काय, एक घोट पाण्याचं काम. तिथेच सगळं अडलं.

गोळी चालू केल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवसाची गोष्ट. दुसरं घर पारुलबेनचं, चौदाव्या मजल्यावर. घरात पाहुणे, कणकेचा गोळा केवढा तरी मोठा. अर्ध्या पोळ्या झाल्या आणि शेवंतीला लागली. नेहमीसारखी नाही, की थोडं आवळून धरलं आणि विसरलं. ही गोळीची. तिने तवा उतरवला, गॅस बंद केला, "आलेच बेन" बोलली आणि निघाली. कामवाल्यांची लिफ्ट वेगळी असते, ती खाली अडकलेली, कुणाचं तरी कपाट चढत होतं. घरमालकांची लिफ्ट समोर उघडी उभी. त्यात ती चढली नाही. जिन्याने उतरायला लागली. निम्म्यापर्यंत पोचली.

पुढचं तिने मला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. मीही ते इथे लिहीत नाही. पंपाजवळच्या नळावर साडी धुतली आणि ओल्या साडीने हायवे ओलांडून चालत घरी आली. रिक्षात कशी बसणार? पारुलबेनला फोन केला, तब्येत बिघडली. बाबाजीला सांगितलं, टाकीचं पाणी अंगावर पडलं.

हे सगळं तिने मला सांगितलं ते फार नंतर. तेव्हा मला एवढंच दिसलं की शेवंती भरदुपारी ओल्या साडीने आली आणि दुसऱ्या दिवशी कुणाशी न बोलता कामाला गेली.

त्या दिवसापासून तिने स्वतःचं एक शास्त्र काढलं. कामाच्या दिवशी गोळी नाही. महिन्याला तिला दोन सुट्ट्या मिळायच्या. आधी ती एक पौर्णिमेला विहारासाठी घ्यायची आणि एक घरच्या कामाला. आता दोन्ही जोडून घ्यायला लागली, आणि त्याही नेमक्या डॉक्टरांच्या तारखेला धरून. दोन दिवस घरी राहायची, सकाळी नाश्ता करून गोळी घ्यायची, जेवून दुपारभर पडायची, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात. पट्टा बांधला की आकडा खाली. डॉक्टर खूश. "मावशी, छान आहे. हीच गोळी चालू ठेवा." पडद्याबाहेर बाकावर बसलेल्या आम्ही सगळ्या ऐकायचो आणि वाटायचं, बाई नेमाची आहे हो.

घरी आली की बाबाजी दारातूनच विचारायचा, "काय, पास?"

"पहिल्या नंबराने."

मला हे कळलं ते असंच, बोलता बोलता. एका सुट्टीला ती माझ्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेली. मी बोलले, चल, पिठाच्या गिरणीत जाऊन येऊ.

"नको काकी, आज नाही जमणार. आज गोळी घेतलीय."

"मग? मी पण घेतलीय. रोज घेते."

"तुम्ही घरी असता. मी सुट्टीलाच घेते. उद्या डॉक्टरची तारीख आहे ना."

मी लसणाची पाकळी हातातच धरली. "म्हणजे रोज नाही घेत?"

"रोज कशी घेऊ?" ती मला वेड्यात काढल्यासारखी बोलली. "कामावर कुठे जाऊ मी?"

आणि मग तिने ती जिन्याची गोष्ट सांगितली, भिंतीकडे बघत.

मी बोलले, "अगं, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास केल्यासारखं झालं हे. डॉक्टरला सांग ना, की असं होतं."

"काय सांगू? त्या पोराला? मिनलच्या वयाचा तो. आणि बाहेर बाकावर रिक्षावाले बसलेले असतात."

"मग दुपारी घरी आल्यावर घे गोळी."

"सकाळची सांगितलीय. सकाळचं औषध दुपारी घेतलं आणि उलटलं तर? आणि मला काय होतंय? डोकं दुखत नाही, काही नाही. डोकं दुखलं की घेईन की."

दुपारी घेतलेली चालते की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं. डोक्याचं म्हणाल तर मीही तसंच समजत होते, की प्रेशर वाढलं की डोकं सांगतं. मी परत परत बोलले, डॉक्टरला विचार, मी येते बरोबर. ती "हो हो" करून गेली. पुढच्या तारखेला मी तयार होऊन बसले तर ही जाऊन आलेली. पहिल्या नंबराने पास.

वर्ष गेलं असं. ऑक्टोबरचा उकाडा चालू होता. पारुलबेनच्या किचनमध्ये शेवंती पोळ्या लाटत होती, आणि एक पोळी एका बाजूने पळाली. तिने दुमडून परत लाटली, परत तशीच. मग लाटणं हातातून सुटून खाली गेलं. उचलायला वाकली तर बोटं लाटण्याला धरेनात. पारुलबेन आत आल्या, ताटलीत बघितलं आणि हसून बोलल्या, "शेवंतीबेन, ये रोटली है कि गुजरात का नकशा?"

शेवंतीला काहीतरी उलट बोलायचं होतं. ती उधार ठेवणारी नव्हेच. पण जीभ जड झाली, शब्द जमेना. पारुलबेन घाबरल्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. आणि थोड्या वेळात सगळं आपोआप सरळ झालं. हात हलायला लागला, बोलता यायला लागलं. शेवंतीने उरलेल्या पोळ्या केल्या. त्यानंतरच्या तीन घरच्याही केल्या. दुपारी घरी येऊन आम्हाला गंमत म्हणून सांगायला लागली.

"आज मी गुजरात लाटला काकी!"

बाबाजी हसला. मी हसू शकले नाही. माझी मोठी जाऊ गेली ती अशीच, आधी हातातली कपबशी पडली होती. मी बोलले, "शेवंते, ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टर."

"आज तारीख नाही माझी."

"तारीख गेली खड्ड्यात. ऊठ."

तिला उठायचं नव्हतं, आणि का ते मला कळत होतं. सुट्टी नव्हती, म्हणजे गोळी घेतलेली नव्हती. आकडा उघडा पडणार होता. मी मिनलला फोन लावला. पोरगी दुकान सोडून धावत आली आणि आईचा दंड धरून तिला उभं केलं.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी ऐकलं आणि रांग थांबवून आधी आम्हाला आत घेतलं. पट्टा बांधला. हवा भरली, सोडली. परत भरली. त्यांच्या तोंडाकडे बघून मिनलने माझा हात पकडला.

"मावशी, गोळ्या घेताय ना?"

"घेते."

"रोज?"

"रोज."

डॉक्टर थोडा वेळ तिच्या कागदावरचे मागचे आकडे बघत बसले. सगळे चांगले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले, "गोळी रोज घेऊनही एवढं वाढलंय म्हणजे ही पुरत नाहीये. जोरात वाढवायला लागेल." आणि लिहायला लागले. एक गोळी होती तिच्या दोन झाल्या, वर आणखी एक वेगळी.

मी शेवंतीकडे बघितलं. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. पण वाटलं, मी बोलले तर हिच्या तोंडावर हिला खोटं पाडल्यासारखं होईल, ते पण लेकीसमोर. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. बोल म्हणून. तिने गुडघा हलवून माझा हात बाजूला केला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दोन बोटं पुढे केली. "मावशी, माझी बोटं दाबा. जोरात. दोन्ही हातांनी." डाव्या हाताने तिने दाबली. उजव्याने दाबली. डॉक्टर बोलले, "अजून जोरात."

"जोरातच दाबतेय."

"बरं." त्यांनी कागद उलटा केला, पेन तिच्या उजव्या हातात दिलं. "यावर एक गोल काढा."

शेवंतीला हसू आलं. "गोल? डॉक्टर, मी दिवसभर तेच करते." तिने पेन धरलं, लाटणं धरावं तसं. आणि काढायला लागली. रेघ वर गेली, वळली, आणि खाली येताना भरकटली. टोकाला टोक मिळालंच नाही. तिने त्याच्याच बाजूला परत काढला. तो पहिल्याहून वाईट.

ती त्या कागदाकडे बघत राहिली. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, रिक्षावाले काहीतरी बोलत होते. मग तिने पेन टेबलावर ठेवलं आणि जराही आवाज न उतरवता, बाहेरच्या बाकापर्यंत जाईल असं बोलली, "डॉक्टर, मी गोळी रोज घेत नाही. सुट्टीलाच घेते. गोळीने मला लघवी लागते आणि मी काम करते तिथे जायला जागा नाही. एकदा जिन्यात झाली मला. म्हणून बंद केली. तुमच्याकडे यायच्या आधी घ्यायची, म्हणजे तुम्हाला बरं वाटायचं."

बाहेरचे रिक्षावाले गप्प झाले. मिनल बोलली, "आई..."

मला वाटलं डॉक्टर चिडतील. चिडले नाहीत. त्यांनी लिहिलेला कागद घेतला, फाडला आणि बोलले, "बरं झालं आत्ता बोललात. मी हे लिहून दिलं असतं आणि तुम्ही ते सगळं एकदम एखाद्या सुट्टीला घेतलं असतं तर प्रेशर एवढं खाली गेलं असतं की उठताना पडला असता." मग बोलले, "मी पण कधी विचारलं नाही, तुम्ही दिवसभर असता कुठे."

नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मभर लक्षात ठेवणार आहे, म्हणून इथे लिहिते. इतकी वर्षं गोळी खाऊन मलाही ते त्या दिवशी कळलं. प्रेशर दुखत नाही. डोकं दुखेल आणि आपल्याला सांगेल अशी वाट बघायची नाही, काही न सांगता ते आत नसा खराब करत राहतं. गोळी आजार मुळापासून काढत नाही. ती प्रेशरला धरून ठेवते, आणि ते पण एकाच दिवसापुरतं. उद्या परत नवी लागते. "मावशी, तुम्ही मला दाखवला तो सुट्टीच्या दिवसांचा आकडा होता," ते बोलले. "तुमच्या नसांनी बाकीचे दिवस सोसले."

"पण सकाळची गोळी दुपारी चालते का?" मीच विचारलं, कारण तो प्रश्न माझ्या छातीवर वर्षभर बसलेला होता.

"चालते की आजी. रोज एकाच वेळेला घेतली म्हणजे झालं. पाण्याची गोळी फक्त रात्री नको, झोपमोड होते. सकाळची मी यासाठी सांगितली, की सगळे सकाळी घरी असतात." बोलून ते स्वतःच थांबले. शेवंती सकाळी दुसऱ्यांच्या घरी कामावर असते हे त्यांना आत्ताच कळलं होतं. "आणि अजिबातच जमत नसेल तर पाण्याचं औषध नसलेली दुसरी गोळी असते. मला नुसतं सांगायचं होतं."

नुसतं सांगायचं होतं. रिक्षात बसल्यावर शेवंती बोलली, "एवढंच होतं होय काकी." आणि तोंडाला पदर लावला.

डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं नाही, चिठ्ठी देऊन सरळ मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. मेंदूचा फोटो काढला. एका बारीक नसेत रक्त अडकलं होतं. हात सुटला, जीभ जड झाली, ती सूचना होती, आणि सूचना देताना आजाराने मेंदूचा थोडा भाग नेलाही होता. दुपारी लगेच आलात म्हणून बचावलं, तिथले डॉक्टर बोलले, पण सकाळी किचनमधूनच यायला हवं होतं. असं काही झालं की, आपोआप बरं वाटलं म्हणून थांबायचं नसतं. त्यानंतरच्या तीन घरच्या पोळ्या करून आली होती बाई.

पुढचे महिने वाईट गेले. उजव्या हाताला व्यायाम दिला होता, ओला टॉवेल पिळायचा, वाटीत तांदूळ एक एक उचलून टाकायचे. बाबाजी समोर बसून मोजायचा आणि मोजताना मुद्दाम चुकायचा, म्हणजे ती चिडेल.

"पंधरा... सोळा... बारा..."

"शाळेत गेलेलात का कधी?"

"तुझ्यासारखा पहिल्या नंबराने पास नाही झालो मी."

तिने तांदळाची वाटी बाजूला सरकवली. बाबाजीलाही कळलं आपण काय बोललो. तो उठला, आत जाऊन खोकत बसला. मग तिने डाव्या हाताने चहा केला आणि त्याच्यापुढे ठेवला.

हात आला, पण सगळा नाही. बोटांत जोर आहे, पण बारकावा गेला. तीन घरांनी तोवर दुसऱ्या बाया ठेवल्या होत्या. त्यांना दोष काय देणार, रोजचं पोट थांबत नाही. पारुलबेनने आणि चौथ्या मजल्यावरच्या एका घराने सांगितलं, शेवंतीबेन येऊ दे, थोड्याच पोळ्या, सावकाश.

पहिल्या दिवशी पारुलबेनच्या किचनमध्ये गेल्यावर तिने आधी पदर खोचला नाही. ती उभी राहिली आणि बोलली, "बेन, काम करूँगी. लेकिन बाथरूम लगेगा मेरे को. दवाई चालू है." गोळीची वेळ आता दुपारी, घरी आल्यावरची होती, कामावर तशी लागणारही नव्हती. पण डॉक्टरांनी पाणी पीत जा सांगितलं होतं, आणि पाणी प्यायचं म्हणजे जागा हवीच.

पारुलबेन गॅसकडे बघत राहिल्या. वाईट बाई नाही ती. हॉस्पिटलात फळं घेऊन आली होती. पण वीस वर्षांत हे कुणी विचारलेलं नव्हतं. शेवटी बोलल्या, "वो किचन के बाजूवाला छोटा है ना, वो यूज़ करो." दुसऱ्या दिवशी त्या दाराबाहेर एक वेगळा मग आणि फिनेलची बाटली ठेवलेली होती. शेवंतीने मला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही आणि रागावलीही नाही. "तो मग नवाकोरा होता काकी," एवढंच बोलली. चौथ्या मजल्यावरच्या घराने सांगितलं, आमच्यात चालत नाही. ते घर तिने सोडलं.

आता तिच्याकडे एकच घर आहे, आणि मिनल महिन्याला हातभार लावते. दुपारी शेवंती परत येते, जेवते, आणि आमच्या घड्याळात तीन वाजले की गोळी घेते. रोज. बाबाजी पाणी देतो. मग तासाभराने तिला लागते.

आमच्या गल्लीत संडास सार्वजनिक आहे. बायकांचे तीन, त्यातल्या एकाचं दार मोडलेलं. दुपारी चारच्या सुमाराला पाणी येतं म्हणून तेव्हा रांग असते. गेल्या महिन्यात शेवंती तिथे आली आणि बादली घेऊन उभ्या असलेल्या दोघी-तिघी न बोलता बाजूला झाल्या. पुढे एक नवी सून उभी होती, तेजश्री नावाची, नुकतीच भाड्याने आलेली. ती बोलली, "ओ मावशी, नंबर माझा आहे."

आनंदी मागून बोलली. ती मीरा रोडला पोरं सांभाळायला जाते, तिलाही गेल्या वर्षी तीच गोळी लागली. "तिला जाऊ दे गं. तिची गोळी चालू आहे."

"कसली गोळी?"

"प्रेशरची. तीनची."

तेजश्रीने बादली उचलून मागे घेतली. शेवंती आत गेली, आणि आम्ही सगळ्या पाण्याच्या नळाकडे तोंड करून उभ्या राहिलो.